तेरा नावं: बुकरचा अंदाज बांधायला शिकताना

जुलैतल्या एका रविवारी सकाळी नौपाड्यातल्या एका घरात आम्ही नऊ जण जमतो. बाहेर पाऊस, आत कांदेपोहे, आणि प्रत्येकाच्या पिशवीत एक बंद पाकीट. पाकिटात तेरा कादंबऱ्यांची नावं असतात. जुलैअखेर किंवा ऑगस्टच्या सुरुवातीला, इंग्रजी कादंबरीसाठीच्या बुकर पुरस्काराची दीर्घयादी, म्हणजे पहिल्या निवडीतली तेरा पुस्तकं, जाहीर होते. तिच्यात कोणती पुस्तकं येतील, याचा अंदाज ज्याने त्याने आपापला बांधलेला असतो. घणसोलीहून ट्रान्स-हार्बरने येणारा आमच्यातला सगळ्यात तरुण सभासद पहिल्या वर्षी म्हणाला होता, "ताई, ठाण्यात बसून हे ओळखायचं कशाला? आणि ओळखायचं तरी कसं?" कशाला, ते त्याला दोन पावसाळ्यांत आपलं आपण कळलं. कसं, ते मी त्याला चार पानांवर लिहून दिलं होतं. तेच टिपण थोडं वाढवून इथे देते आहे. नव्याने सुरुवात करणाऱ्याला उपयोगी पडावं, एवढीच इच्छा.

आमच्या गटाचा एकच पक्का नियम आहे: अंदाज वाचून बांधायचा. चर्चेत असलेली नावं जमवून तेराचा आकडा कुणीही भरेल, पण त्यातून हाती काही लागत नाही. चार महिने नव्या कादंबऱ्या चाळून, अर्ध्यामुर्ध्या वाचून, त्यांवर भांडून तेरा नावं काढली, तर त्यातली नऊ चुकली तरी तुमचं वर्ष सार्थकी लागलेलं असतं.

पहिलं काम: मुदत समजून घ्या

नवख्यांच्या बहुतेक चुका इथेच होतात, म्हणून जरा सविस्तर सांगते.

बुकर १९६९ पासून दिला जातो. मूळ इंग्रजीत लिहिलेल्या, ब्रिटन किंवा आयर्लंडमध्ये प्रकाशित झालेल्या कादंबरीला. लेखक कुठल्या देशाचा, ही अट २०१४ पासून नाही. त्याआधी राष्ट्रकुल, आयर्लंड आणि झिम्बाब्वे एवढ्यांपुरताच तो होता. कथासंग्रह चालत नाही, लेखकाने स्वतःच छापलेलं पुस्तक चालत नाही, अनुवादासाठी वेगळा पुरस्कार आहे. आणि पुस्तक आदल्या वर्षीच्या १ ऑक्टोबरपासून त्या वर्षीच्या ३० सप्टेंबरपर्यंत प्रकाशित झालेलं हवं.

म्हणजे पुरस्काराचं वर्ष आणि कॅलेंडरचं वर्ष एक नव्हे. सामंथा हार्वी यांची 'ऑर्बिटल' नोव्हेंबर २०२३ मध्ये आली आणि तिला २०२४ चा बुकर मिळाला. '२०२४ ची पुस्तकं' असा शोध घेणाऱ्यांना ती दिसलीच नसती.

आपल्यासाठी याहून मोठी मेख आहे ती 'ब्रिटन किंवा आयर्लंड' या शब्दांत. भारतात गाजलेली इंग्रजी कादंबरी तिकडे कुणी छापलीच नसेल, तर ती शर्यतीत नाही. आणि छापली असेल तर तिकडची तारीख धरायची. अवनी दोशी यांची पुण्यात घडणारी कादंबरी भारतात २०१९ मध्ये 'गर्ल इन व्हाइट कॉटन' या नावाने आली. ब्रिटनमध्ये ती २०२० मध्ये 'बर्न्ट शुगर' झाली आणि त्या वर्षीच्या लघुयादीत, म्हणजे तेरांतून निवडलेल्या सहांत, पोचली. श्रीलंकेच्या शेहान करुणातिलक यांचंही तसंच. त्यांची कादंबरी २०२० मध्ये भारतात 'चॅट्स विथ द डेड' म्हणून निघाली होती. पुढे तिच्यावर बरंच काम करून ब्रिटनमधल्या 'सॉर्ट ऑफ बुक्स' या छोट्या प्रकाशनाने ती 'द सेव्हन मून्स ऑफ माली अल्मेडा' या नावाने काढली आणि २०२२ चा बुकर तिला मिळाला. इकडे दोन वर्षं आधी पुस्तक हातात असलेल्या वाचकांना त्याचं नाव सुचलं नसेल, तर त्याचं कारण हे. तेव्हा भारतातलं 'जुनं' पुस्तक वहीतून खोडण्याआधी ते तिकडे कधी निघतंय, हे पाहा.

आणखी एक. दीर्घयादी जुलैअखेर येते, मुदत मात्र सप्टेंबरअखेर संपते. म्हणजे यादीतली काही पुस्तकं तेव्हा दुकानातच आलेली नसतात. परीक्षकांना ती आधी मिळतात, आपल्याला नाही. किरण देसाईंची 'द लोनलीनेस ऑफ सोनिया अँड सनी' २०२५ च्या जुलैत यादीत आली, वाचकांच्या हाती पडली सप्टेंबरात. अशा दोन-तीन नावांपुरता आमचा वाचनाचा नियम आम्ही सैल करतो. पण त्या लेखकाचं आधीचं एक तरी पुस्तक वाचलेलं असावं लागतं.

वही घाला

साधी दोनशे पानी. पान आडवं धरून रकाने पाडा: पुस्तक, लेखक, प्रकाशक, ब्रिटनमधली तारीख, कितवं पुस्तक, किती पानं वाचली, आणि एक मोठा रकाना मतासाठी. मोबाइलवरही चालेल, पण वही फिरवता येते आणि दुसऱ्याच्या अक्षरातला शेरा वाचायला मजा येते.

नावं कुठून मिळवायची? इंग्रजी वर्तमानपत्रं जानेवारीत 'या वर्षी येणारी पुस्तकं' अशा याद्या देतात, त्या चाळा. ब्रिटिश प्रकाशकांचे आगामी पुस्तकांचे तक्ते पाहा. मोठ्या प्रकाशकांचे सगळेच पाहतात. तुम्ही लहानांकडे जास्त लक्ष द्या. पॉल लिंच यांची 'प्रॉफेट साँग' २०२३ मध्ये जिंकली, ती 'वनवर्ल्ड' या स्वतंत्र प्रकाशनाची. २०१५ आणि २०१६ ची विजेती पुस्तकंही त्यांचीच होती.

प्रकाशकाचं नाव टिपून ठेवण्याला आणखी एक कारण आहे. प्रकाशकाला हवी तितकी पुस्तकं पाठवता येत नाहीत. गेल्या पाच वर्षांत त्याचं एकही पुस्तक दीर्घयादीत आलं नसेल तर एक, एक-दोन आली असतील तर दोन, तीन-चार असतील तर तीन, पाच किंवा जास्त असतील तर चार. आधी बुकर जिंकलेल्या लेखकाचं नवं पुस्तक या मोजणीत धरत नाहीत, आणि परीक्षक स्वतःहूनही एखादं पुस्तक मागवू शकतात. याचा अर्थ, एकाच प्रकाशनाच्या सहा चांगल्या कादंबऱ्या तुमच्या वहीत असतील, तर त्यातल्या सगळ्या परीक्षकांच्या टेबलावर पोचल्याच असतील असं नाही. २०२५ मध्ये १५३ पुस्तकं परीक्षकांपुढे होती. त्यांतून तेरा. साधारण बारांत एक.

मार्चपर्यंत वहीत साठ-सत्तर नावं झाली की पुरे. शंभरावर गेलात तर वाचायला वेळ उरणार नाही.

परीक्षकांकडे पाहा, पण त्यांच्यात अडकू नका

परीक्षक पाच असतात आणि दर वर्षी नवे. त्यांची नावं बरीच आधी जाहीर होतात. लेखक, समीक्षक, संपादक, कधी नाट्य-चित्रपट क्षेत्रातलं कुणी. २०२५ च्या मंडळाचे अध्यक्ष रॉडी डॉयल होते, म्हणजे १९९३ चे बुकर विजेते, आणि त्यांच्या जोडीला अभिनेत्री सारा जेसिका पार्करही होत्या.

नवखा माणूस इथे लगेच गणित मांडतो: अध्यक्ष आयरिश, तर यादीत आयरिश लेखक भरपूर असणार. २०२५ च्या तेरांत एकही आयरिश लेखक नव्हता. आणि २०२३ मध्ये, अध्यक्ष कॅनडाच्या एसी एदुजियान असताना, तेरांत चार आयरिश होते. त्यामुळे आम्ही परीक्षकांचं गावगोत पाहत नाही. त्यांनी लिहिलेली परीक्षणं मिळाली तर वाचतो. एखाद्या समीक्षक-परीक्षकाला कादंबरीत काय खुपतं, हे त्याच्या दोन-चार परीक्षणांतून कळतं, आणि खुपणाऱ्या गोष्टी आवडणाऱ्या गोष्टींपेक्षा जास्त खात्रीने सांगता येतात. बस, इतकंच. याच्यावर एका संध्याकाळीपेक्षा जास्त वेळ घालवू नका.

पन्नास पानं

आता खरं काम.

सत्तर कादंबऱ्या एकट्याने वाचणं नोकरी-घर सांभाळणाऱ्या माणसाला शक्य नाही, आणि विकत घेणं तर त्याहून नाही. तिकडची पुठ्ठा बांधणीची कादंबरी इथे येईपर्यंत महाग पडते. म्हणून आम्ही पुस्तकं वाटून घेतो. नऊ जण, प्रत्येकी सात-आठ. ई-पुस्तकाची सुरुवातीची पानं फुकट चाळता येतात, त्याने पहिली चाळणी होते. पहिल्या वीस पानांत जी पकडतात, तेवढीच पूर्ण मिळवायची. एकाने घेतलं की ते ठाणे, वाशी, नेरुळ असं फिरतं. पुस्तकात कागदाची पट्टी असते, तिच्यावर कुणी कधी घेतलं आणि कुठपर्यंत वाचलं ते लिहायचं.

प्रत्येक पुस्तकाची किमान पन्नास पानं वाचायचीच, आवडो न आवडो. त्यानंतर सोडायला मोकळीक. मात्र सोडताना वहीत एक पूर्ण वाक्य लिहायचं. 'कंटाळवाणं' असा एक शब्द चालत नाही. 'निवेदक पहिल्या पानावर जे म्हणतो, तेच पन्नासाव्या पानावर म्हणतो आहे' हे चालतं. आमच्यातल्या निवृत्त शिक्षिका, ज्यांना आम्ही सगळे बाईच म्हणतो, त्या या बाबतीत फार कडक आहेत. माझा शेरा त्यांनी दोनदा परत पाठवला आहे.

वाचताना काय पाहायचं? कथानक चांगलं आहे का, हा प्रश्न मी सगळ्यात शेवटी ठेवते. माझा पहिला प्रश्न असतो: हे पुस्तक दुसऱ्यांदा वाचवेल का?

कारण परीक्षकांना ते पुन्हा वाचावं लागतं. सगळी पुस्तकं एकदा वाचून तेरा ठरतात. लघुयादीतली सहा निवडण्यासाठी ती तेरा पुन्हा वाचली जातात, आणि विजेता ठरवण्यासाठी सहा तिसऱ्यांदा. ज्या कादंबरीचा सगळा जीव शेवटच्या धक्क्यात आहे, तिचा धक्का दुसऱ्या वाचनात संपलेला असतो. जिच्या वाक्यांत, गाळलेल्या जागांत, रचनेत काही दडलेलं आहे, ती दुसऱ्या वाचनात वाढते.

'ऑर्बिटल' पहिल्यांदा हातात आली तेव्हा आमच्यातल्या एकाने शेरा लिहिला होता, 'घडत काहीच नाही.' शेरा बरोबर होता. सहा अंतराळवीर, एक दिवस, पृथ्वीभोवती सोळा फेऱ्या. १३६ पानं. पण हे पुस्तक ज्याच्याकडे गेलं त्याच्याकडून परत यायला उशीर होत होता, कारण जो तो मागची पानं पुन्हा उलगडत बसे. ही खूण मी तेव्हापासून जपली आहे: पट्टीवरच्या तारखा पाहा. छोटं पुस्तक जास्त दिवस कुणाकडे राहिलं, तर त्याच्याकडे लक्ष द्या.

२०२५ ची विजेती, डेव्हिड सॉलॉय यांची 'फ्लेश', घ्या. नायक फारसं बोलतच नाही. विचारलं की 'ओके' म्हणतो. पहिल्या वाचनात मला तो दगड वाटला. दुसऱ्यांदा वाचताना त्याच्या प्रत्येक 'ओके'च्या आधी काय होऊन गेलंय ते माहीत असतं, आणि तोच शब्द वेगळा ऐकू येतो. हे मला पन्नास पानांत कळायला हवं होतं, कळलं नाही. वहीत माझा शेरा अजून आहे.

जाडीवरून काही ठरत नाही. १९७९ ची विजेती 'ऑफशोअर' १३२ पानांची होती, २०१३ ची 'द ल्युमिनरीज' ८३२ पानांची.

दोन रकाने

मे महिन्यात वहीच्या शेवटच्या पानांवर दोन रकाने पाडा. डावीकडे: मला कोणती पुस्तकं यादीत हवीत. उजवीकडे: परीक्षक कोणती निवडतील असं वाटतं. डावा रकाना आधी पूर्ण भरा, मग त्याच्यावर कागद ठेवून झाका, आणि दोन दिवसांनी उजवा भरा.

हे लिहायला सोपं आहे, करायला फार अवघड. आपली आवड उजव्या रकान्यात हळूच शिरते. २०२५ मध्ये देसाईंचं नाव मी दोन्हीकडे लिहिलं. लघुयादीत ते आलंही. पण विजेत्याच्या चिठ्ठीवरही मी तेच लिहिलं, आणि ते लिहिताना मी परीक्षकांचा विचार करत नव्हते. जवळपास वीस वर्षांनी आलेली त्यांची कादंबरी, २००६ मध्ये त्यांना मिळालेला बुकर, त्यांच्या आईचं, अनिता देसाईंचं, तीनदा लघुयादीपर्यंत जाऊन राहिलेलं नाव, हे सगळं माझ्या मनात होतं. पुस्तकाच्या पानांवर यातलं काहीच छापलेलं नव्हतं.

गटाने एकत्र केलेली चूकही सांगते. २०२० मध्ये हिलरी मँटेल यांच्या त्रयीचा शेवटचा भाग आला. पहिल्या दोन्ही भागांना, २००९ आणि २०१२ मध्ये, बुकर मिळालेला. करोनाचं वर्ष होतं, पाकिटांऐवजी व्हॉट्सॲपवर नावं जमवली. सगळ्यांनी लघुयादीत मँटेल लिहिल्या, फक्त बाईंनी नाही. त्या म्हणाल्या, "मला पुस्तक आवडलं. पण तुम्ही पुस्तकाला मत देताय की आधीच्या दोन बक्षिसांना?" मँटेल दीर्घयादीत होत्या, लघुयादीत नव्हत्या. त्या वर्षीच्या सहांपैकी चार पदार्पणाच्या कादंबऱ्या होत्या आणि जिंकली तीही पदार्पणाचीच, डग्लस स्टुअर्ट यांची 'शगी बेन'.

तेव्हापासून उजव्या रकान्यातल्या प्रत्येक नावापुढे एक कारण लिहायचं ठरलं आहे, आणि त्या कारणात लेखकाचं वय, देश, आधीचे पुरस्कार यातलं काही यायचं नाही. कारण पुस्तकातलंच हवं. हा नियम लागला की पहिल्या वर्षी निम्मी नावं गळतात. घाबरू नका. गळलेल्या जागांसाठी वहीची मागची पानं उघडावी लागतात, आणि एप्रिलमध्ये कुणीतरी दोन ओळींत संपवलेलं एखादं पुस्तक तुम्ही पुन्हा हातात घेता. आमच्या गटाला सगळ्यात लाडकी पुस्तकं अशीच सापडली आहेत.

दोन्ही रकान्यांत एकच नाव असेल तर ते वाईट नाही. पण तेराच्या तेरा जुळत असतील, तर उजवा रकाना पुन्हा लिहा.

तेराचा मेळ आणि पाकीट

मी अशी वाटणी करते: पाच नावं अशी, ज्यांची मला खात्री आहे, पाच अशी, जी फक्त वाचनातून मिळाली, आणि तीन अशी, जी लिहिताना हात थोडा थरथरतो. शेवटच्या तिन्हींत निदान एक पदार्पणाचं आणि एक लहान प्रकाशनाचं असतंच. परीक्षक असे हिशेब करत असतील असं माझं म्हणणं नाही, पण पाच वेगवेगळ्या माणसांनी एकत्र बसून केलेली यादी एकाच सुरातली क्वचित होते.

ब्रिटनमध्ये यादीतल्या पुस्तकांवर पैजा लागतात आणि कुणाचा भाव किती, ते छापून येतं. पाकीट बंद होईपर्यंत तिकडे पाहू नका. आकडा एकदा पाहिला की आपला अंदाज त्याच्या मागे जातो. आमच्याकडे पैसे लावायचे नाहीत, हेही पहिल्यापासून ठरलेलं.

पाकिटावर नाव आणि तारीख घालून ती सगळी एकाकडे ठेवायची. यादी आली की त्याच संध्याकाळी उघडायची. बरोबर नावाला एक गुण. गटात तुम्ही एकट्याने ओळखलेलं असेल तर दोन. हा दुसरा नियम फार कामाचा आहे. त्यामुळे माणसं सर्वांच्या तोंडी असलेली नावं सोडून स्वतः काही शोधायला लागतात. सर्वाधिक गुण मिळवणाऱ्याने पुढच्या महिन्याचं पुस्तक निवडायचं. आमच्यात आजवर सहापेक्षा जास्त नावं कुणाची जुळलेली नाहीत. पहिल्या वर्षी दोन जुळली तरी खुशाल पेढे वाटा.

यादी आल्यानंतर

दीर्घयादी ते लघुयादी सात-आठ आठवडे मिळतात. आता सगळ्यांपुढे तीच तेरा पुस्तकं असतात, म्हणून हा डाव जास्त चुरशीचा. तेरा विकत घेऊ नका. नऊ जणांत पाच-सहा प्रती फिरल्या तरी पुरतं. सहा नावांची नवी चिठ्ठी, मग एका नावाची. लघुयादीतल्या प्रत्येक लेखकाला अडीच हजार पौंड आणि विजेत्याला पन्नास हजार पौंड मिळतात. विजेता ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जाहीर होतो.

एकच विजेता, असा नियम आहे. पण २०१९ मध्ये परीक्षकांनी तो मोडून मार्गारेट अ‍ॅटवूड आणि बर्नार्डिन एव्हरिस्टो यांना पुरस्कार वाटून दिला. त्यामुळे चिठ्ठीवर दोन नावं लिहिली तर चालेल का, असं दर वर्षी कुणीतरी विचारतं. चालत नाही.

अनुवादासाठीच्या आंतरराष्ट्रीय बुकरचा अंदाजही आम्ही बांधतो, फेब्रुवारीत, पण थोडक्यात. त्याची मुदत १ मे ते ३० एप्रिल, कथासंग्रह चालतो, आणि पन्नास हजार पौंड लेखक-अनुवादकात निम्मे निम्मे वाटले जातात. गीतांजली श्री यांच्या 'रेत समाधि'चा डेझी रॉकवेल यांनी केलेला अनुवाद २०२२ मध्ये आणि बानू मुश्ताक यांच्या कन्नड कथांचा दीपा भास्ती यांनी केलेला अनुवाद, 'हार्ट लॅम्प', २०२५ मध्ये जिंकला. दोन्ही ब्रिटनमधल्या लहान प्रकाशनांनी काढलेले: पहिला 'टिल्टेड अ‍ॅक्सिस'ने, दुसरा 'अँड अदर स्टोरीज'ने. २०२५ पर्यंत मराठीतून गेलेल्या पुस्तकाला तो मिळालेला नव्हता. हे लिहिताना मला वाईट वाटतं, आणि त्याचा पुढच्या भागाशी संबंध आहे.

डिसेंबरचा डाव

दुसऱ्या वर्षी बाईंनी पाकीट टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, "लंडनची तेरा नावं आपण पाठ म्हणतो. यंदाची मराठी पाच सांगा." आम्ही तीन सांगू शकलो, त्यातलं एक आदल्या वर्षीचं निघालं. मग साहित्य अकादमी पुरस्काराचा डाव सुरू झाला, आणि आता मला तोच जास्त प्रिय आहे. नवख्याने खरं तर इथूनच सुरुवात करावी. पुस्तकं परवडतात, मिळतात आणि लेखक आपल्या भाषेत लिहितो.

नियम इथे पार वेगळे. पुरस्काराच्या आधीचं एक वर्ष सोडून त्यामागची पाच वर्षं धरतात. २०२३ च्या पुरस्कारासाठी १ जानेवारी २०१७ ते ३१ डिसेंबर २०२१ या काळात प्रथम प्रकाशित झालेली पुस्तकं पात्र होती. परीक्षक तीन. आधी दीर्घयादी-लघुयादी जाहीर होत नाही, साधारण डिसेंबरात एकदम नाव येतं. रक्कम एक लाख रुपये आणि ताम्रपट. आणि मुख्य म्हणजे तो फक्त कादंबरीसाठी नसतो. कविता, कथा, समीक्षा, ललित, सगळं एकाच रांगेत.

म्हणून पहिला अंदाज वाङ्मयप्रकाराचा. २०१५ ते २०२४ ही दहा वर्षं आम्ही मांडून पाहिली. तीन कादंबऱ्या, दोन कथासंग्रह, दोन कवितासंग्रह, दोन समीक्षाग्रंथ आणि अरुण खोपकरांचं चित्रपटांविषयीचं पुस्तक. म्हणजे कथात्म साहित्य बरोबर निम्मं. पण ते विखुरलेलं नाही. २०२० ते २०२३ सलग चार वर्षं कथा-कादंबरीच आहे: नंदा खरे यांची 'उद्या', किरण गुरव यांचा 'बाळूच्या अवस्थांतराची डायरी', प्रवीण बांदेकर यांची 'उजव्या सोंडेच्या बाहुल्या', कृष्णात खोत यांची 'रिंगाण'. खरे यांनी पुरस्कार नाकारला, तरी परीक्षकांची निवड म्हणून आम्ही ते मोजतो. २०२४ साठी आमच्यात उभी फूट पडली: चारदा झालं तर पाचव्यांदा होईल, की आता पुरे? पुरस्कार सुधीर रसाळ यांच्या 'विंदांचे गद्यरूप' या समीक्षाग्रंथाला मिळाला. समीक्षा हा प्रकार लिहिणारा आमच्यात एकच होता. त्याला दोन गुण.

पाच वर्षांची मुदत असल्याने पुस्तकं जमवण्याची पद्धतही बदलते. इथे येणारी पुस्तकं शोधत नाही आपण, येऊन गेलेली शोधतो. दुकानात तीन वर्षांपूर्वीची मराठी कादंबरी बहुधा नसते. आवृत्ती संपलेली असते किंवा प्रकाशकाकडून मागवावी लागते. इथे ठाणेकर म्हणून आपण भाग्यवान आहोत. वि. ल. भावे यांच्या पुढाकाराने १ जून १८९३ रोजी सुरू झालेलं मराठी ग्रंथ संग्रहालय आपल्या गावात आहे. तिथे जा, सभासद व्हा, आणि काउंटरवर लेखकाचं नाव न विचारता वर्ष विचारा: अमुक साली आलेल्या कादंबऱ्या आणि कथासंग्रह कोणते? सुरुवातीला हा प्रश्न समोरच्याला विचित्र वाटतो. तुम्ही का विचारताय ते नीट सांगितलंत की मदत मिळते, आणि शेल्फवरची पुस्तकं तुमच्यासाठी वेगळ्याच क्रमाने उभी राहतात.

राज्य शासनाचे वाङ्मय पुरस्कार आणि महाराष्ट्र फाउंडेशनचे पुरस्कार आधीच्या वर्षांत कुणाला मिळाले, ते वहीत नोंदवा. जुन्या दिवाळी अंकांतले कादंबऱ्यांवरचे लेख काढा. पण निवड त्यांवरून करू नका. पन्नास पानांचा नियम मराठीलाही लागू, आणि इथे तो आणखी काटेकोरपणे पाळा, कारण मराठी लेखकांविषयी आपली मतं न वाचताच तयार झालेली असतात. 'रिंगाण' मी 'ग्रामीण कादंबरी' असं म्हणून दोन वर्षं बाजूला ठेवली होती. धरणामुळे उठवलेल्या गावात मागे राहून रानटी झालेल्या म्हशीला आणायला निघालेला माणूस, एवढंच मला ऐकून माहीत होतं. डावासाठी म्हणून उघडली, आणि पन्नासाव्या पानावर थांबायचं लक्षातच राहिलं नाही. रात्री अडीच वाजता बाईंना निरोप पाठवला. त्यांचं उत्तर लगेच आलं, म्हणजे त्याही जाग्याच होत्या: "आता दोन्ही रकान्यांत लिही, आणि कारण पुस्तकातलं दे."

गट नसेल तर दोघांनीही जमतं. नवरा-बायको, मायलेक, ऑफिसातले दोन मित्र. एकमेकांची पाकिटं एकमेकांकडे ठेवा. एकटे असाल तर पाकीट शेजाऱ्यांकडे द्या आणि यादी आल्यावरच मागा. स्वतःच्या कपाटात ठेवलेलं पाकीट उघडून एखादं नाव बदलण्याचा मोह होतो.

आणि सुरुवात जुलैत करू नका, तेव्हा फार उशीर झालेला असतो. १ ऑक्टोबरला बुकरची नवी मुदत सुरू होते. त्या दिवशी वहीचं पहिलं पान आडवं धरा, रकाने पाडा आणि त्या आठवड्यात ब्रिटनमध्ये निघालेल्या एखाद्या कादंबरीचं नाव लिहा. त्याच वहीच्या शेवटच्या पानावर मराठीची पाच वर्षं एकाखाली एक लिहून ठेवा, प्रत्येकापुढे दहा ओळी कोऱ्या सोडून.